काळा कुत्रा बाहेरच्या फोटोत नुसता डाग दिसतो, काय करू? (आणि मोतीचा एक जुना फोटो)

आमसुलाची_आई (समा, बडोदा)

नमस्कार मंडळी, प्रश्न दोन आहेत पण एकमेकांत अडकलेत म्हणून एकाच धाग्यात लिहितेय, ॲडमिन रागावू नका.

आमच्याकडे आमसूल नावाचा कुत्रा आहे. देशी, काळा कुळकुळीत, पिल्लू असताना अगदी वाळलेल्या आमसुलासारखाच दिसायचा, सगळा सुरकुतलेला, म्हणून हे नाव. आता अकरा वर्षांचा झालाय. हनुवटी पांढरी झालीये, जिना चढताना मधेच थांबतो आणि आपण दमलो नाही, सहज उभे आहोत असा चेहरा करतो. परवा फोन बघताना लक्षात आलं की त्याचे हजारभर फोटो आहेत पण सगळे घरातले, सोफ्यावर झोपलेला, चादरीत घुसलेला, भाकरीकडे बघणारा. बाहेरचा एकही धड नाही. म्हणजे काढलेत, पण त्यात मागचं झाड छान येतं, रस्ता छान येतो आणि मधे एक काळं भोक आणि त्यात जीभ. डोळे कुठे आहेत ते मलाच शोधावं लागतं.

दुसरं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आईच्या तळमजल्यात शिरलं आणि अल्बम नेमके कपाटाच्या खालच्या खणात होते. आम्ही गच्चीवर वाळवायला ठेवले पण एकावर एक तसेच, अक्कल नव्हती, मग त्याची वीटच झाली. आईच्या लहानपणी त्यांच्याकडे मोती नावाचा कुत्रा होता त्याचे पाचसहा फोटो होते, त्यातला एकच वाचला, कारण तो आजीने दत्ताच्या तसबिरीच्या मागे खोचून ठेवला होता. (आजी म्हणायची दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसतात म्हणून आपल्याकडे एक खपवून घेतला, बाकी मी कधी त्याला हात लावला नाही.) फोटो पोस्टकार्डाएवढा, काळापांढरा, उभा. मोती कसल्यातरी कठड्याशी बसलाय, एक कान उभा एक पडलेला, आणि शेपूट नाहीच. शेपटीच्या जागी धूर. समोर जमिनीवर फोटो काढणाऱ्याची सावली, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. ते आजोबा.

आई तो फोटो हल्ली रोज बघते. म्हणून वाटलं आमसुलाचे वेळेत काढून ठेवावेत. फोन आहे, शिवाय भावाचा जुना डीएसएलआर आहे पन्नासच्या लेन्ससकट, मला तो ऑटोवर वापरता येतो इतकंच. आणि मोतीच्या फोटोवर डाग पडायला लागलेत, त्याचं काय करू तेही सांगा.

रावपुऱ्याचा_शटर

ताई, काळ्या कुत्र्याचा प्रश्न सोपा आहे पण लोक अर्धाच सांगतात आणि गोंधळ करून ठेवतात. कॅमेऱ्याचा मीटर बिचारा असं धरून चालतो की समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं आहे. आता तुमचा आमसूल लांब उभा आहे, आजूबाजूला उन्हातली पांढरट जमीन, तर मीटर म्हणतो बापरे किती उजेड, आणि सगळंच अंधारं करतो, कुत्रा गेला भोकात. इथे उजेड वाढवायचा, प्लस एक वगैरे. फोनवर कुत्र्यावर बोट ठेवायचं आणि ते सूर्याचं चिन्ह येतं ते वर ढकलायचं. पण तोच कुत्रा जवळून घेतलात, फ्रेमभर नुसता काळा रंग, तर उलटं होतं, मीटरला वाटतं अंधार आहे, तो उजळवतो, आणि आमसूल राखेत लोळून आल्यासारखा करडा. तिथे मायनस करायचं. म्हणजे "काळ्या कुत्र्याला प्लस करा" असं कोणी ठोकून दिलं तर त्याला विचारा कुत्रा फ्रेममध्ये केवढा आहे.

पण सेटिंगच्या आधी ऊन बघा. दुपारी बाराला जाऊन काढणार असाल तर वरचं सगळं विसरा. काळे केस वरून चमकतात आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख. सकाळी लवकर जा, आता जानेवारीत बडोद्यात सूर्यच सव्वासातनंतर उगवतो तेव्हा फार लवकर उठायचंही कारण नाही. ऊन बाजूने आलं की केसांचा पोत दिसतो. नाहीतर सावली, पण झाडाखालची ठिपक्याठिपक्यांची नाही, एखाद्या इमारतीची सलग सावली, आणि त्याचं तोंड मोकळ्या आकाशाकडे. मग डोळ्यात आकाशाचा एक ठिपका येतो. तो ठिपका आला की काळ्या कुत्र्याला चेहरा येतो, एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी पुरे.

डीएसएलआरवर शटरचा वेग (सेकंदाचा भाग) ठेवा, बसलेला असेल तर १/२५०, चालत असेल तर १/५००, धावत असेल तर १/१०००, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटो. पन्नासची लेन्स १.८ वर (हा ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या भोकाचा आकडा, जितका लहान तितका थोडाच भाग स्पष्ट) उघडी टाकू नका, जवळून घेताना नाकावर फोकस आला की डोळे धुसर होतात, देशी कुत्र्यांचं नाक लांब असतं. ४ वर ठेवा. फोकस जवळच्या डोळ्यावर.

आणि खाली बसा. बसा म्हणजे जमिनीवर. उभ्याने काढलेला कुत्र्याचा फोटो म्हणजे डोकं मोठं आणि पाय आखूड, पाल दिसते. फोन असेल तर उलटा धरा, लेन्स खाली येते.

पिक्सेल_पोरगा

पोर्ट्रेट मोड लावा ना, बॅकग्राउंड ब्लर, झालं काम. एवढं कशाला.

रावपुऱ्याचा_शटर

पोर्ट्रेट मोड कुत्र्याचे कान कापतो. मिशा तर खातोच. करून बघ आणि इथे टाक, मग बोलू.

कारेलीबागची_काकू

आमसुलाची आई, मला तुमचं ते शेपटीच्या जागी धूर वाचून इतकं हसू आलं आणि मग डोळ्यात पाणीच आलं. आमच्याकडच्या सगळ्या जुन्या फोटोंत कुत्र्याला शेपूट नाही. आमचा टिपू होता, त्याला तर एका फोटोत तोंडही नाही, नुसते चार पाय आणि वर ढग.

कारण काय सांगू का, बहुतेक तुमच्या आजोबांकडेपण क्लिक थ्री असणार. आग्फा क्लिक थ्री, काळा डबा, तो आपल्या बडोद्यातच बनायचा, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये, आमचे दीर होते ना तिथे. त्या वेळी घरोघरी तोच. त्यात एका रोलमध्ये बारा फोटो, चौकोनी. शटरला स्पीड एकच, तोही संथ, फिरवायचं ते नुसतं ऊन की ढग. शेजारची मुलं दम धरून उभी राहायची, कुत्र्याला कोण सांगणार दम धर. आणि जवळ जाऊन काढायची सोय नाही, जवळ गेलं की धुसर, म्हणून सगळे फोटो आठदहा फुटांवरून. आणि दुकानदार सांगायचा सूर्य पाठीशी घ्या, म्हणून प्रत्येक फोटोत काढणाऱ्याची सावली. आमच्या ह्यांची सावली आमच्याकडे निदान वीस फोटोंत असेल, ते स्वतः फक्त दोन फोटोंत, त्यातला एक लग्नातला.

बारा फोटोंत एक कुत्र्यावर खर्च करायचा म्हणजे काय होतं हे ह्या पोराला नाही कळणार. माझ्या सासऱ्यांनी टिपूचा दुसरा फोटो काढला तेव्हा सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, म्हणाल्या माझा मेलीचा एक नाही आणि त्या कुत्र्याचे दोन.

पण मला एक सांगायचंय ते ब्लरवरून. ब्लर नका हो करू. टिपूचा चेहरा मला तसाही आठवतो, आता ह्या वयातही मिटल्या डोळ्यांनी आठवतो. मला त्या फोटोत काय बघायला आवडतं तर मागचा आमचा ओटला, त्यावर वाळत घातलेले पापड आणि टिपू पापडांकडे पाठ करून बसलाय, साळसूद. तो ओटला आता नाही, घर पाडून फ्लॅट झाले. पापड खाल्ले होते त्याने, ते फोटोत नाही पण मला माहितीये.

आमसुलाची_आई

काकू! आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली हो हो क्लिकच, चामड्याच्या पिशवीत असायचा आणि त्या पिशवीला हात लावला की धपाटा.

ओटल्यावरून आठवलं म्हणून मोतीचा फोटो मी परत नीट बघितला. आमच्यात कायम वाद की हा फोटो कुठचा. मामा म्हणतो कमाटीबाग, आई म्हणते सुरसागर तलाव. मागे पाणी आहे आणि पलीकडे घरांची रांग अंधुक. मी म्हटलं सुरसागर कसा असेल, मधे महादेवाचा पुतळा कुठे दिसतोय. तर आई म्हणाली अगं महादेव तेव्हा कुठला, तो आमच्या मोठेपणी उभा राहिला, आमच्या लहानपणी तळं नुसतंच तळं होतं. आणि कठडा बघून ती म्हणाली हाच, ह्याच कठड्यावर बसून आम्ही चणे खायचो, मोतीला पण द्यायचो आणि मग रात्रभर भोगायचो.

म्हणजे मागचं काहीच नसतं तर हा वाद मिटलाच नसता. शटर दादा, तुम्ही ४ वर ठेवा म्हणालात, मागचंही दिसायला हवं असेल तर?

रावपुऱ्याचा_शटर

मग ८ ठेवा आणि एक पाऊल मागे या. बरोबर आहे काकूंचं, मी मान्य करतो, पण पूर्ण नाही. माझं म्हणणं असं की दोन्ही काढा. म्हातारा कुत्रा आहे, त्याचा चेहरा जवळूनपण हवा, पांढरी हनुवटी, डोळ्यात वयाने येते ती निळसर झाक, हे सगळं आठफुटी फोटोत येत नाही. काकूंना टिपूचा चेहरा आठवतो हे त्यांचं नशीब. माझ्याकडे रॉकी होता, जाऊन सहा वर्षं झाली, मला त्याच्या डाव्या कानावरचा डाग नक्की कुठे होता ते आठवत नाही आणि एकाही फोटोत कान नीट नाही. सगळे फोटो कलात्मक. पाठमोरा रॉकी सूर्यास्ताकडे बघतोय, असले. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

जागेबद्दल दोन गोष्टी. सुरसागरला नेणार असाल तर अगदी सकाळी, नाहीतर रिक्षा आणि हॉर्न, आमसूल कान मागे पाडून बसेल. जीभ सारखी नाकाला लावायला लागला, जांभया देऊ लागला तर तो कंटाळलेला नसतो, घाबरलेला असतो, गुंडाळा आणि घरी जा. कमाटीबागेत आत कुत्रा नेण्याबद्दल गेटवर आधी विचारून घ्या, उगाच वाद नको. आणि नदीच्या काठाला उतरू नका, फोटो कितीही छान येणार असला तरी. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोदेकराला सांगायला लागू नये पण मागच्याच हिवाळ्यात एक जण लॅब्राडॉरला घेऊन काठाच्या चिखलात आडवा झालेला मी स्वतः पुलावरून बघितलाय, वरून ओरडून घसा बसला माझा.

संक्रांत जवळ आलीये, मांजा सगळीकडे लोंबतोय, पायात अडकतो. ते आटपल्यावर आठवडाभराने जा.

पिक्सेल_पोरगा

सॉरी काकू. काढला फोटो पोर्ट्रेट मोडने, आमच्या गल्लीतल्या भुऱ्याचा. एक कान खरंच गेला.

त्याला कॅमेऱ्याकडे बघायला लावायचं कसं? मी नाव घेतलं की तो उठून माझ्याकडेच येतो आणि लेन्स चाटतो.

कारेलीबागची_काकू

नाव घेऊच नकोस रे, नाव घेतलं की येणारच, लेकरू आहे ते. तोंडाने काहीतरी विचित्र आवाज काढ, दार करकरल्यासारखा. पण दोनतीनदाच. चौथ्यांदा त्याला कळतं की हा उगाच करतोय. बिस्किटाच्या पुड्याचा आवाज चालतो पण मग बिस्कीट द्यावं लागतं, फसवायचं नाही.

जुनी_निगेटिव्ह (मांजलपूर)

उशिरा आलो. फोटोच्या डागांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, माझं कामच जुने फोटो स्कॅन करायचं आहे, पुरानंतर इतकी घरं बघितली की विचारू नका.

आधी पुढच्या वेळेसाठी (न येवो). भिजलेले फोटो एकावर एक वाळवायचे नाहीत, चिकटतात आणि मग सोडवायला गेलं की चेहरेच निघून येतात. ओले असतानाच सुटे करायचे, चिखल असेल तर गार स्वच्छ पाण्यात हलकेच विसळायचे, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि चित्र वर ठेवून सावलीत सुटेसुटे पसरायचे. इतके फोटो एका दिवसात जमत नसतील तर मधेमधे मेणकागद घालून पिशवीत बांधून सरळ फ्रीझरमध्ये टाकायचे. हो, फ्रीझरमध्ये, मटारशेजारी. नंतर सवडीने थोडेथोडे काढून सोडवता येतात. तुमची ती वीट टाकली नसेल तर अजूनही टाकू नका, ओढून मात्र बघू नका.

आता मोतीचा प्रिंट. डाग पुसू नका. ओल्या कापडाने तर नाहीच, थुंकी लावून पुसणारे महाभाग मी बघितलेत. आधी जसा आहे तसा स्कॅन करा, ६०० डीपीआयला, मागची बाजूसुद्धा, मागे पुष्कळदा स्टुडिओचा शिक्का नाहीतर तारीख असते. स्कॅनर नसेल तर खिडकीशेजारी, ऊन थेट पडणार नाही अशा जागी सपाट ठेवून वरून फोटो काढा, फ्लॅश बंद, फोन अगदी समांतर. काचेला चिकटलेला फोटो असेल तर काचेसकट काढा.

पण माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. निगेटिव्ह कुठे आहेत? काकू म्हणतात तसा क्लिक थ्री असेल तर निगेटिव्ह चौकोनी, सहा बाय सहा सेंटिमीटर. तुमचा प्रिंट उभा, पोस्टकार्डाएवढा. चौकोनातून उभा आयत काढायचा म्हणजे स्टुडिओवाल्याने डावीउजवीकडचं कापलेलं असणार. लोक अल्बम जपतात आणि निगेटिव्ह कुठल्यातरी बिस्किटाच्या डब्यात टाकून माळ्यावर फेकतात, आणि माळा पुरात भिजत नाही.

मिळाल्या तर टॅबलेटवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, त्याच्यावर दोनेक इंच उंचीवर निगेटिव्ह धरायची (खाली चिकटवू नका, स्क्रीनचे ठिपके येतात), खोलीत अंधार, वरून फोटो, मग फोनमध्येच रंग उलटे करा.

आमसुलाची_आई

मंडळी, बारा दिवसांनी येतेय. आधी आमसुलाचं.

रविवारी सकाळी साडेसातला आई, मी आणि आमसूल रिक्षाने सुरसागरला गेलो, रिक्षावाल्याने कुत्र्याचे वीस रुपये जास्त घेतले. पहिली वीस मिनिटं त्याने फक्त वास घेतला, कठड्याच्या प्रत्येक दगडाचा, आम्ही गप्प उभ्या. मी जमिनीवर बसले तशी दोन आजोबा फिरायचे थांबून बघायला लागले की हिला चक्कर आली का. कॅमेऱ्याचे साठएक फोटो काढले, त्यात चार बरे आहेत. एक जवळून, मायनस करून, हनुवटीचे पांढरे केस एकेक मोजता येतील असा, आणि दादा, डोळ्यात तो ठिपका आलाय. दुसरा ८ वर ठेवून लांबून, त्यात मागे पाणी, सोन्याचा मुलामा दिलेला महादेव, चहाच्या टपरीवरची माणसं, आणि एका कडेला आईच्या चपला. चपला नको होत्या म्हणून कापणार होते, आता तशाच ठेवल्यात, का ते सांगते.

माळ्यावर डबा मिळाला. बिस्किटाचाच. आत बटरपेपरच्या पाकिटात निगेटिव्ह, बऱ्याचशा लग्नामुंजीच्या, पण एका तुकड्यात मोती. जुनी_निगेटिव्ह काकांनी सांगितलं तसा टॅबलेट लावला, अंधार केला, आईला म्हटलं तू वरून हलू नको देऊ. रंग उलटे केले.

उजवीकडे काही विशेष नाही, सायकलचं अर्धं चाक. डावीकडे नऊवारीचा काठ, आणि एक हात. हातात पाटल्या, आणि त्या हातात मोतीची दोरी. नुसती दोरी धरलेली नाहीये, दोरी मनगटाला दोन वेढे देऊन धरलीये, आणि अंगठा त्याच्या पडलेल्या कानामागे.

आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ह्या आईच्या पाटल्या." आणि मग, "खोटारडी." आणि चहा टाकायला उठली.

स्कॅन खाली जोडलाय.

कारेलीबागची_काकू

दोन वेढे! हात नाही लावला म्हणे!

रावपुऱ्याचा_शटर

फार सुंदर. महादेवाचा फोटोपण चांगला जमलाय, चपला खरंच राहू द्या.

एक बघा, मोतीच्या स्कॅनमध्ये वर उजवीकडे आकाशात एक पांढरा केस आलाय, वाकडा. निगेटिव्हवर बसलेला असणार. ब्लोअर मारा, तोंडाने फुंकू नका, आणि परत घ्या.

आमसुलाची_आई

पांढरा नाहीये दादा तो. उलटा करायच्या आधी काळा होता. आम्ही अंधार करून बसलो होतो तेव्हा कोण टॅबलेटला टेकून झोपलं होतं ते तुम्हाला माहीत नाही.